फँटसी : पाहा

डांगरे सरांनी कार्ड दिलं, वर एकच शब्द :
फँटसी. ना. स्त्री.
खाली तीन ओळी रिकाम्या
आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं, मंगळवारपर्यंत.

कोशाचं ऑफिस सीताबर्डीला, चष्म्याच्या दुकानावर.
मे महिना. पंचेचाळीस पूर्णांक आठ.
कूलरची मोटर मधेच पाणी ओढायचं विसरते,
मग वाळा नुसताच गरम वास सोडतो
आणि 'फ'च्या ट्रेमधली कार्डं फडफडत राहतात.

कल्पना, लिहिलं. खोडलं.
कल्पना तर सिलिंडर संपत आल्याचीही असते.
दिवास्वप्न : दुपारी दोनला
हे सगळं गावच झोपतं, त्यात वेगळं काय.
मनोराज्य लिहिताना हसू आलं,
उपराजधानीत राहणाऱ्या बाईनंच लिहावा असा शब्द.
मृगजळ नको. ते वर्धा रोडवर खरंच दिसतं,
बसच्या ड्रायव्हरलाही.
गंधर्वनगरी नावाचा बेसा रोडला एक ले-आउट आहे,
प्लॉट अजून एन.ए. झालेले नाहीत.
आकाशाचं फूल, सशाचं शिंग, वांझेचा मुलगा :
जुन्या पंडितांचं नसलेल्या वस्तूंचं कपाट
किती नीटनेटकं, आणि किती निर्दय
त्या तिसऱ्या खणात.

मग लिहिलं, मनातले मांडे.
आणि पेन थांबलं,
कारण पोटात खरंच भूक होती.

जयताळ्याला पंचफुला शेंडे
उलट्या मडक्यावर लंबी रोटी करते.
आटा इतका सैल की परातीत तो ओतल्यासारखा वाटतो;
ती त्याला आपटते, उचलते, आपटते,
मग दोन्ही हातांवर घेते, मनगटापासून कोपरापर्यंत,
नुकत्याच न्हालेल्या बाळासारखा.

"यालाच मांडे म्हणतात ना?"
"तुमी म्हना. आमी लंबी रोटी म्हनतो. किती पायजे?"
"आठ. नाही, म्हणजे, मनातले मांडे म्हणतात ना, ते..."
"मनात करून रायले, त आटा कोन भिजवते मंग?"

सहा-दहाला विमान आलं, सोनेगावला उतरणारं,
इतकं खाली की शेजारची कोंबडी टोपलीत शिरली.
पंचफुलानं रोटी ताणून उन्हासमोर धरली.
विमान रोटीच्या एका कडेतून आत शिरलं,
धुरकट, हळू,
आणि दुसऱ्या कडेनं निघून गेलं.
"दिसलं? दिसलं म्हंजे झाली रोटी. नाई दिसलं त जाड."

"कुठून येतं गं हे?"
"काल समुद्राकडून आलतं."
सरपण आत सारलं, डोळे पुसले.
"आज बरफातून येऊन रायलं. पाहा ना, कसं थिजलं हाय."
"बसलीस कधी विमानात?"
"कायले बाप्पा? बसलं म्हंजे तिकिटावरच लिवलं राहते
कुठून आलं ते."

रोटी मडक्यावर पडली.
एक फुगा वर आला, करपला, बसला.
दुसरा त्याच्या जागी आला नाही.
तिनं आठ मोजल्या, नववी न मोजता टाकली,
कालच्या पेपरात गुंडाळल्या.
स्कूटीच्या डिकीत त्या घरापर्यंत
गरमच राहिल्या. नुसत्याच खाल्ल्या,
ओट्याशी उभी राहून, लाइट न लावता.

मंगळवारी सरांनी चष्मा कपाळावर सारून कार्ड वाचलं.
फँटसी. ना. स्त्री. पाहा.
"पाहा? काय पाहा? पुढे शब्द हवा.
कोशात पाहा म्हटलं की कुठे, ते सांगावं लागतं."

बरोबर आहे त्यांचं.
कार्ड परत घेतलं, पुढे लिहिलं : मांडा.
'म' लागायला अजून दिवाळी उजाडेल,
तोवर हा बाण रिकाम्या पानाकडे.

कार्डाच्या कडेला आट्याचं एक बोट उमटलं होतं.
सरांनी फुंकलं. नखानं खरवडलं.
मग म्हणाले, असू दे,
आणि 'फ'च्या ट्रेमध्ये टाकून दिलं.